चौथा उद्गार

“नाताळ होऊन अडीच महिने झाले, आणि आमचे दादा अजून गव्हाणीपाशीच.” मंगलाबाई हे मला म्हणाल्या नाहीत. माझ्या मागच्या खुर्चीत बसून त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण आमच्या उपासनेच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या इतक्या चिकटून मांडलेल्या असतात की त्यांच्या रुमालावरच्या निलगिरीच्या तेलाचा वासही आधी मला येतो, मग पुटपुटणं कसं चुकेल. समोर टेबलामागे प्रभाकर उभा होता. टेबलावर जांभळं कापड, कारण उपवासकाळातला तिसरा रविवार. ते कापड मीच शनिवारी इस्त्री करून ठेवलं होतं. आणि त्या जांभळ्या कापडापुढे उभा राहून माझा नवरा शांत, भरदार आवाजात रात्रीच्या रानातल्या मेंढपाळांची गोष्ट वाचत होता. वाचायची होती विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. मी सकाळी त्या पानात खूण घातली होती. खूण जागच्या जागी होती, पानं मात्र त्यानं उलटली होती. देवदूत आले, घाबरू नका म्हणाले, बाळ कपड्यात गुंडाळलेलं सापडलं. खाली पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत राहिला. पाचपंचवीस माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही. सगळ्यांना एकाएकी आपापल्या चपलांकडे बघावंसं वाटलं. वाचून झाल्यावर त्यानं पवित्र शास्त्र मिटलं आणि सगळे एकदम “आमेन” म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.

उपासना संपल्यावर हात मिळवायला रांग लागली. “सलाम, दादा. छान वाचलंत.” “सलाम. आवाज म्हणजे आवाज आहे तुमचा.” मंगलाबाईही गेल्या. त्या इथल्या सरकारी शाळेत शिकवतात, एरवी कोणाची वेलांटी सोडत नाहीत. त्याही म्हणाल्या, “मेंढपाळांचा भाग केव्हाही ऐकावा.” मी कापडाची घडी घालत होते, ती एकदा चुकली, पुन्हा घातली. त्यांच्या पुटपुटण्याचा मला राग आला नव्हता. त्या ‘केव्हाही’चा आला. पुटपुटणं निदान खरं होतं. मग वाटलं, राग कसला करतेस बाई, गेले कित्येक महिने तू तरी दुसरं काय करते आहेस. जिना उतरताना प्रभाकर म्हणाला, “आज मंडळी खूश होती.” मी म्हटलं, “हो. तुम्ही वाचलंतच तसं.” आणि गिरणीच्या पांढऱ्या धुळीतून आम्ही घरी गेलो.

मी यांना अहो म्हणते. चारचौघांत तर नाव घेतच नाही. कागदावर मात्र नाव लिहिते, तेही एकेरी; कागद कोणाला सांगायला जात नाही. चौऱ्याऐंशी साली प्रभाकरला इथल्या सरकारी कचेरीत दप्तरखान्याचं काम मिळालं आणि आम्ही संगमनेरकडून सिल्वासाला आलो. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, अशी नव्हतीच. कोणी साक्री-नंदुरबारकडून खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात आलेलं, कोणी नगरचं, दोन घरं कोकणातली. गावात पोर्तुगिजांच्या वेळचं चर्च आहे, पण ते कॅथलिकांचं. आम्ही आपले गावाच्या आमली भागात, गिरणीवरच्या खोलीत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा वापीहून येतात, प्रभुभोजन देतात आणि साडेबाराची बस गाठतात. बाकीचे रविवार प्रभाकरचे. त्याला कोणी नेमलं नाही. पहिल्याच रविवारी कोणीतरी म्हणालं, तुम्ही वाचता का, आणि त्यानं वाचलं. त्याचा आवाज असा की त्यात बसायला जागा असते. लग्न ठरताना मी त्याला पाहण्याआधी ऐकलं होतं. आमच्या गावच्या चर्चमध्ये तो पाहुणा म्हणून स्तोत्र वाचत होता, मी मागे बायकांत, पुढे उंच माणसं. दिसलं काहीच नाही. घरी जाऊन आईला म्हटलं, चालेल. आई म्हणाली, काय चालेल, तू त्याला बघितलंस तरी का?

कविता त्याच वर्षीच्या, नाताळाआधीच्या आगमनकाळात सुरू झाली. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं शिकले ते गीतांच्या पुस्तकातून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. नवीन गाव, ओळख कोणाची नाही, दुपार लांब. प्रभू येणार आहे, तयारी करा, असं त्या रविवारचं वचन होतं, आणि मला वाटलं, तयारी हा तर बायकांचा विषय. मी लिहिलं:

दार लोटून ठेवलंय, कडी नाही.
येणारा येईल तेव्हा येईल.
चुलीवर पाणी आहे.
कमी पडलं तर
हातपंप जवळ आहे.

प्रभाकरनं ते वाचून खिशात ठेवलं. मग रविवारी, वचनानंतर, कोणाचं नाव न घेता वाचून टाकलं. मंगलाबाई तेव्हा नवीन ओळखीच्या. त्यांनी विचारलं, “कुठल्या जुन्या पुस्तकातलं हो?” मला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकाच घासात. तेव्हापासून असंच चालत आलं. आगमनकाळाला एक, नाताळला एक, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी एक, झावळ्यांच्या रविवारी, पुनरुत्थानाला, त्यानंतर पन्नासाव्या दिवसाला. वर्ष माझ्यासाठी कॅलेंडरातल्या महिन्यांचं राहिलंच नाही. ते जांभळं, पांढरं, तांबडं आणि हिरवं झालं, आणि हिरवं फार लांब, जूनपासून थेट नोव्हेंबरपर्यंत, जेव्हा चर्चच्या वर्षात काहीच घडत नाही आणि माणसांच्या घरात सगळं घडतं. लिहिते मी, वाचतो तो. लोक म्हणतात, लीलाबाई, तुम्ही स्वतः का नाही वाचत? मी म्हणते, माझा आवाज चिरका आहे. ते खोटं नाही, पण खरं हे की माझे शब्द त्याच्या तोंडून आले की मला परके वाटतात, आणि परके वाटले की बरे वाटतात. बायकोला नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं बोलणं ऐकायला मिळणं, तेही मधे न तोडता, ही काय साधी गोष्ट आहे?

पहिल्यांदा काय झालं ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टीला पहिली वेळ नसते. मागे वळून बघितलं की ती आधीच तिथे बसलेली असते. गेल्या पावसाळ्यात असेल. आम्ही जेवायला बसलो. त्यानं हात जोडले, अन्नाबद्दल आभार मानले, आम्ही जेवायला लागलो. अर्धी भाकरी झाल्यावर त्यानं पुन्हा हात जोडले, डोळे मिटले आणि आभार मानायला सुरुवात केली. तेच शब्द, तीच कळकळ. मी भाकरीचा हात तसाच धरून डोळे मिटले आणि आमेन म्हटलं. दोनदा आभार मानल्यानं देवाचं काय बिघडतं? पुढे कधी कधी तीनदा झालं. माझी भाजी निवायची. मला जाणवायला लागलं की मी डोळे मिटायला त्याच्याआधी तयार असते, आणि त्याचे हात जवळ यायला लागले की मी हातातला घास ताटात परत ठेवते. प्रार्थनेला घाबरणारी ख्रिस्ती बाई मी आजवर दुसरी पाहिलेली नाही.

मग नाक्यावरचं झालं. भाजी आणायला गेलेला प्रभाकर रघुनाथबरोबर परत आला. रघुनाथ खडोलीच्या कारखान्यात मशीनवर असतो, शिफ्ट सुटून सायकलवरून येत होता. “दादा नाक्यावर उभे व्हते,” तो म्हणाला, “मी म्हटलं, चला दादा, वहिनीकडे चहा पिऊ. मलेच चहाची तल्लफ आलती.” प्रभाकरच्या हातात पिशवी रिकामी होती आणि त्याच्या कॉलरला घाम. रघुनाथनं चहा घेतला, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि त्यानंतर दर गुरुवारी, बाजाराच्या संध्याकाळी, त्याला आमच्याकडच्या चहाची तल्लफ नेमानं यायला लागली. भाजी आणायला निघालेल्या दादांना तो वाटेतच गाठायचा. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. इतकं न बोलता इतकी मदत करणारी माणसं बघून कधी वाटायचं, हीच खरी मंडळी. कधी वाटायचं, आम्ही सगळे मिळून एका माणसाला हळूहळू चादरीखाली झाकतो आहोत, तो जिवंत असताना.

मी माझ्यापुरत्या युक्त्या काढल्या. कविता लिहायला रघुनाथ धाग्याच्या खोक्यांचे पुठ्ठे आणून द्यायचा. पंख्यानं उडत नाहीत म्हणून. मी अक्षरं मोठी केली. मग ओळी लहान केल्या, म्हणजे डोळा घसरून खालच्या ओळीत पडला तरी वाट सापडेल. जोडाक्षरं टाळायला लागले. जे शब्द त्याला अडतात ते गाळले. ‘अनुग्रह’ गेला, ‘प्रायश्चित्त’ गेलं, ‘दया’ राहिली. राखेच्या बुधवारी एवढंच उरलं:

प्रभू, तू रानात
उपाशी राहिलास.
मी घरात राहून
भाकरी केल्या.
मन कोणाचं भरलं
ते तुला ठाऊक.

मंगलाबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “लीलाबाई, हल्ली तुमच्या कविता सुधारल्यात. पूर्वी जरा पसरट असायच्या.” मी आभार मानले. घरी येऊन मोरीत तांब्या घासत बसले, आधीच घासलेला. त्याचं एकेक काही जातं आणि माझी ओळ घट्ट होते. असल्या सौद्याला मी हो कधी म्हटलं होतं?

श्रुतीला, आमच्या मुलीला, मी एसटीडीवरून फोन केला. ती नाशिकला दवाखान्यात नर्स आहे. रोज असली माणसं बघत असेल. काचेच्या खोलीत उभी राहून मी तिला आभारांचं सांगितलं, मेंढपाळांचं सांगितलं, हसून सांगितलं. ती म्हणाली, “आई, वयानं होतं गं असं.” मीटरचे तांबडे आकडे पळत होते. “बाबा रस्ता चुकतात का?” मी म्हटलं, “नाही.” तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला, इतक्या लांबून, तारांमधून. नर्सला नर्ससारखं विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. मी आईसारखं विचारलं, तिनं मुलीसारखं ऐकलं. “पुढच्या महिन्यात येते, बघू,” ती म्हणाली. बघू हा शब्द आमच्या घरातला पाचवा माणूस आहे. तिसरी श्रुती, चौथा देव.

झावळ्यांच्या रविवारी सात उद्गार वाटायचे असतात. क्रुसावरून प्रभू जे सात वेळा बोलला त्यावर उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन, सात जणांनी एकेक करून बोलायचं, ही आमच्याकडची रीत. पाळकसाहेब त्या दिवशी वापीला असतात, त्यामुळे सातही आम्हालाच. खोलीभर खजुरीच्या झावळ्यांचा ओला वास, स्टीलच्या पेल्यांतून चहा, आणि मंगलाबाई हातात पेन्सिल घेऊन मधे. खरं तर वाटण्यासारखं काही नसतं, सगळं ठरलेलं. पहिला, ‘यांना क्षमा कर’, मंगलाबाईंचा, ज्यांनी गिरणीवाल्याला पीठ जाड दिल्याबद्दल अजून क्षमा केलेली नाही. पाचवा, तहानेचा, रघुनाथचा. त्यावर दरवर्षी हशा होतो, कारण गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापीकडची माणसं दर शनिवारी आपली तहान घेऊन सिल्वासालाच येतात, आणि एके काळी रघुनाथही त्यांच्यात बसायचा. “हसा,” तो म्हणतो, “आता मी वरसातून एकदाच तहानतो, ते बी तुमच्यासमोर.” सहावा, ‘पूर्ण झालं’, तो कोकणातले एक ओव्हरसियर घेतात, ज्यांच्या स्वतःच्या घराचा वरचा मजला आम्ही आलो तेव्हापासून सळयांवर उभा आहे. आणि चौथा, जो कोणालाच नको असतो, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’, तो प्रभाकरचा. पहिल्या वर्षी कोणी घेईना म्हणून त्यानं घेतला आणि त्याच्याकडेच राहिला.

“चौथा,” मंगलाबाई म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक बघायला लागल्या. “चौथ्याचं यंदा काय करायचं?”

“दादाले आराम देऊ,” रघुनाथ पेल्यात बघून म्हणाला. “उन्हाळा लई आहे.”

“हो ना, खोलीत उकडतं,” ओव्हरसियर म्हणाले.

“पंखा एकच.”

“त्यात लाइट गेली म्हणजे.”

“मी म्हणते, दोन उद्गार मी घेते,” मंगलाबाई म्हणाल्या. “मला काय, शाळेत दिवसभर उभीच असते.”

जसं काही ऊन फक्त चौथ्या उद्गारालाच लागतं. प्रभाकर खिडकीशी उभा होता, एका हातात चहा, एका हातात झावळी, लहान मुलासारखा. तो म्हणाला, “मला उकडत नाही.” झावळीची पानं पेल्यात बुडाली होती, त्याच्या लक्षात नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की हे माझ्यावर सोपवलेलं आहे. मी नुसती मान हलवली असती तरी मंगलाबाईंनी पेन्सिल टेकवली असती, आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा चहा संपवला असता. “यांचा चौथा यांनाच राहू दे,” मी म्हटलं. माझा आवाज चिरकाच निघाला. मंगलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि कीव मला झेपत नाही. “जशी तुमची इच्छा,” त्या म्हणाल्या. घरी जाताना मी स्वतःला विचारत होते, हे मी त्याच्यासाठी केलं की माझ्यासाठी. त्याचा चौथा काढून घेतला असता तर ती गोष्ट खरी झाली असती. टेबलामागे तो उभा राहतो आणि वाचतो तोवर काहीच झालेलं नाही, नुसता उन्हाळा आहे. पण वाचता वाचता सगळ्यांसमोर तो थांबला तर? त्या दिवशी सारवासारव करायला मेंढपाळांची गोष्ट नसेल.

त्या आठवड्यात मी चौथ्या उद्गारावर लिहायला बसले. पूर्वी तो स्वतः बोलायचा, तयारी न करता, मी फक्त शेवटच्या चार ओळी द्यायची. आता सगळंच पुठ्ठ्यावर मावायला हवं होतं. मी शास्त्र उघडून तो भाग पुन्हा पुन्हा वाचला आणि एक गोष्ट अशी दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. तो माणूस भर दुपारच्या अंधारात इतकं मोठ्यानं ओरडतो, आणि खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणीही त्याला उत्तर देत नाही. धावपळ मात्र करतात. एक जण पळत जातो, स्पंज घेतो, आंबेत, आंबलेल्या द्राक्षारसात, बुडवतो, काठीला लावतो, वर धरतो. चांगलाच माणूस असणार. त्याला काहीतरी करायचं होतं. कोणी एवढं मात्र म्हटलं नाही की हो, आम्ही ऐकलं, तुला सोडलंय असं तुला वाटतंय. मी भाजी चिरायची थांबले. मला रघुनाथचा चहा दिसला, मंगलाबाईंचं ‘केव्हाही’ दिसलं, माझी मोठी होत गेलेली अक्षरं दिसली. सगळे स्पंज. सगळे प्रेमानं भिजवलेले. पण हे पुठ्ठ्यावर कसं लिहू, आणि ते वाचायला त्याच्याच हातात कसं देऊ? मग दुसरंच लिहिलं, लहान:

माझ्या देवा.
हाक मारली.
वरून काही नाही.
तरी माझ्या म्हणाला.
सोडून गेलेल्याला
माझ्या म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं ते घरात वाचलं, न अडखळता, आणि आवाजात तीच जागा होती, बसण्याची. मला वाटलं, होईल. त्यानं पुठ्ठा उलटून मागचा कारखान्याचा छाप बघितला, पुन्हा सरळ केला. “लीला, अक्षरं इतकी मोठी का काढतेस हल्ली?”

“तुमचा चष्मा बदलायचा राहिलाय ना, म्हणून.”

“हं,” तो म्हणाला. “चष्मा.” आणि माझ्याकडे बघून हसला, इतक्या मायेनं की मला उठून दिवा लावावा लागला. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, याला काही कळलेलं नाही.

शुक्रवारी टेबलावर काळं कापड होतं. पोर्तुगिजांच्या चर्चची घंटा त्या दिवशी वाजत नाही. गिरणीचा मालक ख्रिस्ती नाही, पण त्या दुपारी तो पट्टा बंद ठेवतो. आम्ही त्याला कधी सांगितलं नाही, त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यामुळे वर्षातून एकदा त्या खोलीत खरोखरची शांतता असते, आणि ती सगळ्यांना जड जाते. मंगलाबाईंनी क्षमेवर बोलून घेतलं. दुसरा झाला. तिसरा, आईला मुलाच्या हाती सोपवण्याचा, झाला. प्रभाकर उठला. खुर्ची मागे सरकली तिचा आवाज केवढा झाला. तो टेबलामागे गेला, कापडाची सुरकुती हातानं सारखी केली, खिशातून पुठ्ठा काढला. चष्मा लावला.

“माझ्या देवा,” त्यानं वाचलं, आणि थांबला.

थांबणं सुरुवातीला वाचनातलंच वाटलं. तो असा थांबायचा, थांबून लोकांना जवळ घ्यायचा. मग ते वाढलं. त्याचे डोळे पुठ्ठ्यावरून फिरत होते, वरून खाली, पुन्हा वरून, नाक्यावर उभ्या असलेल्या माणसासारखे. मी ओठांनी पुढचे शब्द म्हणायला लागले, तो बघेल म्हणून. तो बघत नव्हता. कोणी खोकलं. माझ्या मागे मंगलाबाईंनी श्वास घेतला आणि एकदम गाणं धरलं, उपवासकाळातलं, सगळ्यांना पाठ असलेलं. त्यांच्यामागून दोघातिघांचे आवाज उठले, घाईघाईनं, एखाद्याचं उघडं अंग झाकावं तसे. रघुनाथ ताडकन उठला, कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा पेला भरला आणि खुर्च्यांतून वाट काढत पुढे धावला. आणि मी बसल्या जागेवरून ते बघत होते, जे मी त्या आठवड्यात पुठ्ठ्यावर लिहायचं टाळलं होतं.

प्रभाकरनं हात वर केला. “मंगलाबाई, गाणं नको. थांबा जरा.” गाणं एकेका आवाजानं गळून पडलं. मंगलाबाईंचा सर्वांत शेवटी. “रघुनाथ, बस बाळा. तहान तुझी, ती पुढची. माझी ही नाही.” कोणी हसलं नाही. रघुनाथ पेला हातात धरून मधेच उभा राहिला, पाणी हिंदकळून त्याच्या मनगटावर आलं.

“अक्षर ओळखीचं आहे,” प्रभाकर पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. आवाज तोच होता, भरदार, त्याला काही झालेलं नव्हतं. “हिचं आहे. काल मी घरी हे वाचलं, हे मला आठवतं. पण आता शब्द डोळ्यांतून आत नेईपर्यंत सांडतात. तुम्ही सगळे फार सांभाळता मला. मेंढपाळांच्या दिवशीही सांभाळलंत. घरी गेल्यावर मी खूण बघितली, ती विहिरीपाशी होती. मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, हिला कळलं नसेल तर कशाला कळू द्यायचं. मग लक्षात आलं, हिची अक्षरं तर कधीचीच मोठी व्हायला लागली होती.”

माझ्या मांडीवर गीतांचं पुस्तक होतं, ते खाली पडलं. उचलायला कोणी वाकलं नाही. इतके महिने मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून. एका ताटलीतली भाकरी दोन टोकांनी झाकत बसलो होतो आम्ही.

“हे म्हातारपण नाही,” तो म्हणाला, “आणि उन्हाळाही नाही. लीला, इकडे ये. हे तुझं आहे, आता तुझं तू वाचायला शीक.”

मी उठले. टेबलापर्यंत गेले. त्यानं पुठ्ठा माझ्या हातात दिला, चष्मा काढला, आणि आवाज जराही खाली न आणता, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

“एक दिवस मी तुलाही ओळखणार नाही.”